फ्रीजरवर टकटक

डीप फ्रीजर उघडण्याआधी मामा त्याच्या दारावर दोन बोटांनी टकटक करायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसू नगा. आत जित्तं हाय. सांगून उघडावं."

कराडच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. असे एक मामा तुम्हीही पाहिले असतील. सगळे मामा म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पहिल्या दिवशी मला पिपेट धरता येत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती. मामा बेसिनपाशी नळ्या विसळत होते. मागं न बघताच म्हणाले, "बैलाचा कासरा न्हाई त्यो. सैल धर, गड्या."

पुढे त्याच प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो, तेव्हा माझं काम एक्झोसोमवर होतं. पेशी स्वतःतून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात आणि त्यांतून दुसऱ्या पेशींना निरोप पाठवतात. या पिशव्यांत आपल्याला हवा तो निरोप भरता येईल का, यावर जगभर काम चाललं आहे. कुणी त्यांतून कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध पोचवू पाहतं. आम्ही जखम भरण्याचा निरोप भरून पाहत होतो.

"म्हंजी टपाल," मामा म्हणाले.

"हो, टपालच."

"आन् तिकडच्यानं न वाचताच फेकून दिलं तर?"

"तेच बघतोय, मामा."

ते का विचारत होते, हे मला उशिरा कळलं. त्यांना साखर होती. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम कित्येक महिने भरत नव्हती. बँडेज मावावं म्हणून प्रयोगशाळेत घालायच्या उजव्या चपलेचा पट्टा त्यांनी कापला होता.

खंडेनवमीला मामांनी सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावलं. सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ घातली. कापूर पेटवला आणि हात जोडलेले ठेवूनच मला विचारलं, "औंदा ईल न्हवं तुझं औषध?"

काम अजून प्लेटमधल्या पेशींवरच होतं. माणसापर्यंत पोचणं फार लांब होतं. मला ते माहीत होतं. पण आमच्याकडे त्या दिवशी पुजलेल्या अवजारांसमोर कुणी नाही म्हणत नाही. उद्या सांगू, असं वाटलं.

"येईल, मामा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर मामा यायचे बंद झाले. काही आठवड्यांनी मी त्यांच्या गावी, औंधला गेलो. ते ओट्यावर बसले होते. मांडीवर चादर होती. उजव्या बाजूला गुडघ्याखाली ती सपाट पडली होती.

मामी पाणी घेऊन आल्या. "डाक्टर नुसता अंगठा काढू म्हनत हुते," त्या म्हणाल्या. "ह्यांनी ऐकलं न्हाई. आमच्या पोराचं औषध येतंय म्हनले."

मी तांब्या हातात धरून बसलो. नंतर सांगितलं, "मामा, औषध येणार नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

मामांनी मांडीवरची चादर सारखी केली.

"मग तवाच सांगायचं हुतं, लेका," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग मामींना म्हणाले, "च्या टाक. लांबनं आलंय पोरगं."

तो चहा मी प्यायलो. त्याची चव आठवत नाही. परतीच्या एसटीत रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

काम चालू आहे. पेशींनी निरोप वाचला, असं परवाच्या प्लेटवरून दिसतं. मी ते वहीत लिहिलं आणि नळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. ठेवण्याआधी टकटक केली.

गेल्या आठवड्यात नवे शिपाई आले. चपलांचा रॅक पुसताना त्यांनी कापलेल्या पट्ट्याची चप्पल उचलून दाखवली.

"ही कुनाची?"

"मामांची."

"येनार हायत का ते?"

"नाही," मी म्हणालो.