दोरीपलीकडचं घरटं

आई गेल्यानंतरच्या वसंतात मी बाबांना सांगलीहून न्यू जर्सीला जवळजवळ ओढूनच आणलं. तिथे त्यांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मी एकुलती एक, आणि त्यांनी आता माझ्याकडेच राहावं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, असं त्यांनी विमानतळावरच सुनावलं.

लगेच घरात येरझाऱ्या सुरू झाल्या. दार उघड, बाहेर डोकाव, दार लाव. आयुष्यभर एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडलेला माणूस, इथे रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठायचं, आणि थांबल्या की काळजी लागायची.

मग त्यांना माळ सापडला. आमचं गाव आणि शेजारचं गाव यांच्यामध्ये पडीक शेतजमीन होती, कडेने ओढा. तिथे घरं बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा दोन्ही गावांच्या लोकांनी एक होऊन ती जमीन वाचवली. दर शनिवारी आम्ही तिथे जमायचो. ओढ्यातले टायर उपसायचे, झाडांना विळखा घालणाऱ्या वेली तोडायच्या, रोपं लावायची. मी निसर्गप्रेमापोटी जात नव्हते. मलाही घरात स्वस्थ बसवत नाही, वडिलांवरच गेलेय.

बाबा त्या माळातून सरळ चालत शेजारच्या गावातल्या गुजराती दुकानात जायचे. मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारायचे आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परतायचे. रोजच्या चालण्याने गवतात पायवाट पडली. मला वाटलं, जमलं बुवा.

कसलं जमलंय! मे महिन्यातल्या बैठकीत आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी, त्या निवृत्त शिक्षिका होत्या, सांगितलं की माळात पिवळ्या छातीच्या एका पक्ष्याने जमिनीवर घरटं केलंय आणि कुणीतरी रोज त्याला खेटून जातंय. पिल्लं उडेपर्यंत तो भाग दोरी लावून बंद करायचा. सगळ्यांचे हात वर झाले. मी उठून म्हटलं, तो माणूस माझा बाप आहे, आणि ही वाट बंद केलीत तर तो परत जाईल. माझा आवाज चढला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग उद्या त्यांना घेऊन ये. त्यांनी बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी बाबा दुर्बीण लावून इतका वेळ उभे राहिले की माझे पाय दुखले. मग म्हणाले, आपला चंडोलही असाच भुईवर घर करतो. बाईंनी दोरी बांधायला घेतली तर त्यांनी ती ओढून बघितली, ढिली आहे म्हणाले आणि स्वतः बांधली.

त्यानंतर रोज सकाळी बाबा घडीची खुर्ची घेऊन दोरीपाशी हजर. कुत्री फिरवणारे, सायकलवाले, पळणारे, सगळ्यांना एक हात आडवा आणि दुसऱ्या हाताने ओढ्याकडचा रस्ता. "नो एंट्री. चिल्ड्रन स्लीपिंग." लोक मुकाट्याने वळायचे. संध्याकाळी चहाबरोबर मला घरट्याची खबर मिळायची. घरातल्या येरझाऱ्या थांबल्या. मी मनातल्या मनात खालची खोली त्यांची करून टाकली आणि सेलमध्ये त्यांच्यासाठी जाडजूड कोटही आणला.

एके दिवशी ते दुपारीच परतले. खुर्ची गॅरेजमध्ये ठेवली, हातपाय धुतले.

"पिल्लं उडाली. दोरी सोडली मी. आता माझं तिकीट बघ."

मी काय काय सांगितलं. गटाला तुमची गरज आहे, पानगळीत नवी रोपं लावायचीत, बर्फ तर बघून जा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तिकडे घराला कुलूप आहे. तुझी आई असताना कधी कुलूप लागलं नव्हतं."

मला त्यांचा राग आला, त्या पाखरांचाही आला. रडू आलं ते वेगळंच.

ते सांगलीला परतल्यावर मी माळाकडे फिरकले नाही. बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी गेले, तर पायवाटेवर गवत चढलं होतं. बाई समाधानाने म्हणाल्या की वाट बुजतेय, चांगलं लक्षण आहे.

मी हातातली कुदळ तिथेच टाकली आणि त्या वाटेने पाय आपटत दुकानापर्यंत चालत गेले. कोथिंबिरीची जुडी घेतली आणि त्याच वाटेने परत आले. पुढच्या शनिवारीही गेले.