गॅरंटी मुठीची, पात्याची न्हाई

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लगेच लिहितेय.

परवा मिरजगावातून नवं खुरपं आणलं. वर कागद चिकटवलेला, एक वर्षाची गॅरंटी. आज सकाळी कांदा खुरपताना दुसऱ्याच वाफ्यात पातं दुमडलं. दगड नाही, मुरूम नाही, नुसती हराळी! मातीच्या हातानंच दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "आजी, गॅरंटी मुठीची हाय, पात्याची न्हाई."

"आरं, मग मुठीनं खुरपू व्हय?"

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. हातोडी आमच्या गावच्या लोहाराची, दगडूमामांची. एक दिवस तिचं तोंड फुटलं. मी भीतभीतच त्यांच्याकडे गेले, कारण त्या वर्षी कुणाचं खळंच झालं नव्हतं आणि मामांना वर्षाचं बलुतं म्हणून दाणाही मिळाला नव्हता. मामांनी लगेच भाता ओढला. हातोडी तापवली, ठोकली, पाणी दिलं आणि माझ्या हातात ठेवली.

"घडवली मी, तर बघनार बी मीच."

दुमडलेलं खुरपं मी त्या दुकानाच्या काउंटरवरच ठेवून आलेय. उद्या आठवडे बाजार आहे, गर्दी असेल. बदलून मिळेपर्यंत मी तिथंच बसणार.

तुमच्याही घरात अशी मोडकी हत्यारं पडली असतील ना? घेऊन या. शेजारी जागा धरून ठेवते.