अक्काचं भरीत आणि ग्रीक म्हातारा

पांझरेकाठच्या आमच्या मळ्यात हिवाळ्यातली दुपार कशी अर्धवट झोपेतच असायची. मोटेचं चाक कुरकुरतंय, केळीच्या पानांतून हिरवट ऊन अंगावर पडतंय, आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात वांगी भाजल्याचा वास. आजही डोळे मिटले की मी तिथंच असतो. गावात तेव्हा प्रभातफेऱ्या निघत. मळ्यात मात्र कसली घाई म्हणून नव्हती.

वांगी भाजायची ती अक्का, माझी थोरली बहीण. भरीत करावं तर तिनंच! पण स्वतः घास घ्यायची नाही. मेव्हणे गेले तेव्हा तिनं त्यांच्या नावानं वांगं सोडलं. आमच्याकडे रीतच तशी. गेलेल्याच्या आवडीचं घरच्यांनी सोडायचं. मला त्या रीतीचा मनस्वी राग यायचा.

मी पुण्याला कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान वाचत होतो आणि सुट्टीत घरी येऊन ते पाजळत होतो. त्या दुपारी अक्काला एका म्हाताऱ्या तत्त्वज्ञाचं सांगत बसलो. त्याची बाग होती, तिथं मित्र जमायचे, बायासुद्धा. भाकर, पाणी, गप्पा. एवढ्यात गडी सुखी.

"वांगं खाये का तुना म्हतारा?" अक्कानं चिडवलं.

"मिळतं तर सोडलं नसतं! तो म्हणायचा, मेलेल्याला काहीच नसतं. ना दुखणं, ना भूक. मग तू कुणासाठी सोडलंस गं?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. उखळीत वांगी कुटणारं अक्काच्या हातातलं मुसळ थांबलं. आता ही उठून जाणार, असं वाटलं.

"भूक बी नही?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"पुस्तकमा शे?"

"आहे."

ती धुराकडे बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मेव्हणे त्या दिवशी भरताच्या ताटावरून उठले होते. पहिला घास घेतला, तोच पाटाचं पाणी फुटल्याची हाक आली. धावत गेले, आणि बांधावर साप चावला; घरच्यांना तेवढंच माहीत होतं.

"उपाशी गयात ना रे भाऊ त्या," अक्का म्हणाली. "मना मनमा एकच, तठे वर त्यासले भूक लागत व्हई."

म्हाताऱ्याचं ते वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. उखळीतलं बोटभर भरीत उचलून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून बराच वेळ चघळलं.

"मीठ कमी शे रे," ती म्हणाली. "इतला दिन कोनी सांगं नही?"