डाव्या भकाळीतला गाडीवान

भोकरदनच्या बैलबाजारात बाकीची गिऱ्हाइकं बैलांचे दात बघत होती. हा म्हातारा मात्र एका बैलाच्या डाव्या भकाळीत, फासळ्यांमागच्या खळग्यात, मूठ रोवून डोळे मिटून उभा.

"काय बघताय, बाबा?"

"आतला गाडीवान जागा हाये का, ते बघून राह्यलो."

मला हसू आलं, मास्तराला येतं तसं. कॉलेजात मी हेच शिकवतो, पोट आतून कोण हाकतं ते. पोटा-आतड्याच्या स्नायूंच्या थरांमध्ये चिमुकल्या पेशी असतात, त्याच हालचालीचा ठेका धरतात. त्यालाही सांगितलं.

"मंग तुमी पाह्यला गाडीवान?"

"सूक्ष्मदर्शकाखाली, काचेवर. मेलेला."

त्यानं माझी मूठ ओढून भकाळीत दाबली. जरा वेळानं आतून एक संथ लाट आली आणि माझा हात उचलून गेली.

"ह्यो जित्ता," तो म्हणाला.