सूर्यफुलावरचं कुंकू

पद्माकर नेने लंडनच्या हॅरोला राहायचा, हॉस्पिटलात रेडिओग्राफर होता. आठवडाभर लोकांची हाडं बघायची आणि रविवारी डच नोटा. त्याची बायको सुचेता फोनवर मैत्रिणींना सांगायची, "अगं, बाकीचे नवरे गोल्फ वगैरे काहीतरी नॉर्मल करतात. आमचे हे नोटांशी बोलतात!"

बोलायचा खरा, पण अब्राहमकाकांसाठी. ईलिंगचे अब्राहम चेऊलकर मूळचे भायखळ्याचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. भांडायचे मराठीत आणि थँक यू इंग्रजीत म्हणायचे. हल्ली त्यांना कडेचं दिसे, समोरचं नाही. मग पद्माकर त्यांचा आल्बम उघडून बसे आणि मॅचची कॉमेंट्री करावी तसं सांगे. शंभर गिल्डरवर लांब चोचीचा पाणपक्षी. अडीचशेवर दीपगृह. पन्नासवर भलं थोरलं सूर्यफूल, पाकळ्या कडेपर्यंत पसरलेल्या, आणि त्यावर एक मधमाशी.

"राजा नाही, राणी नाही," काका दर रविवारी तेच म्हणायचे. "मिशीवाला जनरल तर नाहीच नाही. याला म्हणतात नोट! मधमाशी नीट सांग रे. घाई नको करू."

ती पन्नासची नोट त्यांच्या बायकोची, शुलामीथची. ॲमस्टरडॅमच्या ट्रिपमध्ये तिनं ती मोडू दिली नव्हती. "चहा नाही प्यायला तरी चालेल, हे फूल मी देणार नाही," असं म्हणून पर्समध्ये जपून आणलेली. शुलामीथ गेली, नोट राहिली.

दोन हजार एक सालच्या दिवाळीआधी पद्माकरच म्हणाला, "काका, एक आठवडा देता? मोठी कलर कॉपी काढतो, टेबलाएवढी. कडेकडेनं बघितलंत तर दिसेल तुम्हाला." काकांनी नोट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिली, पण पाकिटाचं टोक मात्र सोडता सोडेनात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पद्माकरची ड्यूटी होती. पुण्याहून आलेल्या आईनं, लीलावतीबाईंनी, यथासांग पूजा मांडली. तो घरी आला तेव्हा ताटात चांदीची नाणी होती, सुचेताच्या बांगड्या होत्या, राणीच्या चेहऱ्याचे पौंड होते आणि सगळ्यांच्या वर, अगदी मानाच्या जागी, सूर्यफूल. ओल्या बोटानं लावलेली हळद, त्यावर कुंकू, वर अक्षता.

"आई, ही पाकिटात होती ना?"

"होती की. पण प्लॅस्टिकला कुंकू कसलं लावायचं? लक्ष्मीला लागायला नको?" आई हसत म्हणाली. "किती सुरेख नोट रे! म्हटलं, हिलाच वर ठेवू."

त्याचा चेहरा बघून सुचेता त्याला किचनमध्ये घेऊन गेली. "त्यांना एक शब्द बोलायचा नाही हं. सणाचा दिवस आहे."

मग तो पेपर टॉवेलनं टिपत बसला. हळद कागदात मुरली होती. कुंकू पुसायला गेला तसं ते आणखी पसरलं.

तनया, त्याची तिथेच वाढलेली लेक, खांद्यावरून वाकून बघत होती. "बाबा, रिलॅक्स. दुसरा घे ना, बुरो द चेंजमधून. सेम नोट असतो. अंकलला कुठे दिसतो?"

पद्माकरला तिचा राग आला, कारण त्याच्याही मनात तेच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चलन बदलून देणाऱ्या दुकानातून खरंच तशीच नोट घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "न्यू इयरपासून हे चालणार नाही हां, लव्ह. युरो येतोय." नोट कोरी करकरीत होती. तेच फूल, तीच माशी.

रविवारी ट्रेनमध्ये त्याच्या कोटाच्या उजव्या खिशात कोरी नोट होती, डाव्यात कुंकवाची. ईलिंग आलं तरी त्याचं ठरलं नव्हतं.

काकांनी दार उघडलं. "आलास? कॉपी आणलीस? दाखव, दाखव!" आणि हात पुढे केला. नजर कुठेतरी त्याच्या कानापाशी.

पद्माकरचा हात उजव्या खिशात गेला. नोट बोटाला लागली. पण दर रविवारी हीच नोट पुढ्यात घेऊन तो त्यांना मधमाशी सांगणार होता, आणि ते मान डोलावत ऐकणार होते. पद्माकरनं हात बाहेर काढला.

"कॉपी नाही काढली, काका. नोट खराब झालीये." आणि त्यानं सगळं सांगितलं, उजव्या खिशासकट.

काका कुंकवाची नोट हातात घेऊन खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी नोटेवरून अंगठा फिरवला, मग ती नाकाशी नेली.

"भायखळ्याला शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या," ते म्हणाले. "शुलामीथ जायची. वाण घ्यायची, गप्पा मारायची. फक्त कुंकवाला कपाळ मागे घ्यायची. कुणाला राग नाही यायचा. चाळीस वर्षं मागे घेतलं रे तिनं."

"काका, आईला माहीत नव्हतं. चूक माझी, मी टेबलावर ठेवली..."

"मधमाशी दिसते?"

पद्माकरनं नोट परत घेऊन खिडकीशी धरली. कुंकू नेमकं तिच्यावरच पसरलं होतं. एक पंख तेवढा बाहेर होता. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "एक पंख दिसतो."

"कुठला?"

"डावा."

काकांनी हात पुढे केला, नोट घेतली आणि आल्बममध्ये न ठेवता स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात सरकवली. आल्बम त्यांनी आज उघडलाच नाही.

"ती कोरी तुझ्या आईला दे," ते म्हणाले. "पूजेला."

हे चिडून होतं की चेष्टेनं, पद्माकरला ओळखता आलं नाही. एवढे रविवार तो त्यांना चित्रं सांगत आला होता. त्यांचा चेहरा वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

दारात त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

"दार नीट ओढून घे," आतून आवाज आला. "वारा येतो."

त्यानं दार ओढलं आणि कोऱ्या नोटेवर हात ठेवून पायरीवर उभा राहिला. आत आल्बम उघडल्याचा आवाज येतो का, ते ऐकत.