भोक वजा करायचं का?

महानंदाला उभं राहायची इतकी सवय झाली होती, की खुर्चीवर बसलं की तिचे पाय आतल्या आत चालू लागत. बेंगळुरूच्या यशवंतपुरातल्या एका ग्रॅनाइटच्या यार्डात ती चौदा वर्षं टेप धरून उभी होती. टेपचं एक टोक फरशीच्या कडेला, दुसरं अंगठ्याखाली. आणि टेप सर्रकन आत जाईस्तोवर लांबी गुणिले रुंदी तिच्या तोंडून बाहेर पडलेली असे. निपाणीकडची पोर, दहावीपर्यंत शिकलेली, पण आकड्याला कधी अडली नाही.

तीन महिन्यांपूर्वी यार्डात फोटो काढून माप घेणारं यंत्र आलं. मालक उपेंद्रशेठ म्हणाले, "टेपचं काम संपलं महानंदा. आता कंप्युटरवर बसणारं माणूस पाहिजे. प्रोग्राम येतो असा कागद आण, खुर्ची तुझी. नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवलीय."

"आकडा मी तोंडी देते की शेठ!"

"तोंडाला प्रिंटर जोडता येत नाही, बाई."

म्हणून ती दर रविवारी हयवदन सरांच्या क्लासला येऊ लागली. सर एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं कैक पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मिठासारखं विरघळलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "कंप्युटर म्हणजे स्वल्प मंद पोरगं, अक्का. लांबी विचार म्हटलं की विचारतं. रुंदी विचार, गुण, छाप. आपण सांगू तेवढंच."

महानंदाला ते पटलं. आयत जमला. त्रिकोणाला मात्र गाडी रुतली. तिने नुसतं पाया गुणिले उंची लिहिलं.

"अर्धं कुठं गेलं?" शेजारच्या भव्याने विचारलं. कॉलेजात जाणारी, तोंडाने फटकळ पोरगी.

"तिरकी फरशी कापली की उरलेला अर्धा तुकडा कोण घेतंय? आमच्याकडं आख्ख्याचंच माप लावतात."

"मावशी, इथं दगड नाहीय. नुसता त्रिकोण आहे."

सगळा क्लास हसला. महानंदाही हसली, पण बसमध्ये दांडीला धरून उभी असताना तिला राहून राहून वाटत होतं, की नुसता त्रिकोण असा जगात असतो कुठे?

आज परीक्षा होती. उद्या सोमवार, यार्डातली ती खुर्ची उद्याच भरायची होती. महानंदा दर दोन ओळींनी पदराला बोटं पुसत होती. आयत झाला, त्रिकोण झाला, अर्धा न विसरता. वर्तुळ झालं. शेवटचा प्रश्न होता: आठ फूट बाय दोन फूट आयत, मधे एक फूट व्यासाचं गोल भोक. क्षेत्रफळ काढणारा प्रोग्राम लिहा.

हे तर ओटा आणि सिंक! तिने पटापट लिहिलं. पडद्यावर आलं सोळा.

सर मागे येऊन थांबले. "अक्का, भोक?"

"ते वजा करत नाहीत, सर."

"कोण करत नाही?"

"कोणीच. दगड तर गेलाच की. भोकाचंही माप गिऱ्हाईकाच्या नावावर."

"पेपरात गिऱ्हाईक नाही," सर हळूच म्हणाले. "दहा मिनिटं आहेत. हा एक चुकला तर मला कागदावर सही करता येणार नाही."

भव्याने डोळ्यांनीच खुणावलं: करून टाका ना वजा! महानंदाने खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. उभं राहिल्यावर तिचं डोकं चालायचं. वजा केलं तर इथे बरोबर आणि उद्या यार्डात पहिल्याच ओट्याला चूक. नाही केलं, तर उद्या यार्डच नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मग ती वाकली आणि उभ्याउभ्याच टाइप करू लागली.

वेळ संपला. सरांनी तिचा प्रोग्राम चालवला. लांबी विचारण्याआधीच त्याने एक प्रश्न विचारला:

भोक वजा करायचं का? परीक्षेसाठी १, यार्डासाठी २.

सरांनी चष्मा वर सरकवला. एक दाबलं. आठ, दोन, एक. पडद्यावर आलं १५.२१५.

"सरी, बरोबर," सर म्हणाले. मग त्यांना राहवेना. त्यांनी पुन्हा चालवून दोन दाबलं. सोळा.

"आणि तो गोल तुकडा? तो कुठं जातो?"

"माझ्या घरी," महानंदा म्हणाली. "पोळपाट केलाय. चौदा वर्षं लाटतेय त्याच्यावर."

"म्हणजे माप गिऱ्हाईकाच्या नावावर आणि पोळपाट तुमचा!"

भव्या फिसकन हसली. सरही हसत सुटले, पेन हातात तसंच. महानंदाचं मात्र लक्ष त्या पेनाकडे होतं.

"सर," ती म्हणाली, "आधी सही करा. मग हसा."

त्यांनी सही केली. कागद घडी न करता तिने दोन्ही हातांत धरला. सर म्हणाले, "बसा की आता." ती बसली नाही.

"उद्यापासून बसायचंच आहे," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.