अमावास्येचं दुसरं ताट

उभ्यानं स्वयंपाक करणारी बाई अख्ख्या शहापुरात मी एकच पाहिली. ती माझी थोरली जाऊ. सगळे तिला आक्का म्हणायचे. सासूबाई चुलीपुढं पाट सरकवायच्या, तर ही पदर खोचून म्हणायची, "बसून केलं की नुस्तं शिजतंय. हे परतायचं असतंय."

थोरले भावजी सयामात, बँकॉकला, एका कापडाच्या पेढीवर नोकरीला होते. आक्का आठ वर्षं तिथं राहिली आणि शेजारच्या चिनी बाईकडून न् बाजारातल्या सयामी बायकांकडून तिकडचं रांधप शिकली. लढाईची कुणकुण लागल्यावर भावजींनी तिला बोटीत बसवून घरी धाडलं. मागोमाग येतो म्हणाले, आणि पुढं पत्रंच बंद झाली.

चिनी परतण्याला चुलीचा जाळ पुरत नाही. आक्काची नजर आमच्या परसातल्या सूत रंगवायच्या भट्टीवर गेली. आम्ही विणकर; अमावास्येला घरचे माग बंद, म्हणून भट्टीही रिकामी. रंगाचं पातेलं उतरवून ती त्यावर लोखंडी कढई चढवायची. सासूबाईंची अट एकच, अमावास्येला वशाट नको. त्यामुळं नुसत्या भाज्या, दोऱ्यासारख्या बारीक चिरलेल्या, नारळाचं दूध आणि परसातला गवती चहा. तिकडं आल्यासारखी एक मुळी घालतात, ती तिला इथं काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन म्हणून सापडली. दुकानदार विचारायचा, घरात खोकला कुणाला झालाय? "खोकला न्हाय, भूक हाय," म्हणून ही पुडी उचलायची.

गुळदुधात घालून खायच्या शेवया तिनं पहिल्यांदा मिरची-लसणात परतल्या तेव्हा गल्लीभर चर्चा झाली. आक्काला त्याचं काहीच नव्हतं.

ती दोन ताटं वाढायची. एक स्वतःचं, दुसरं भावजींचं. "ते आले आन् माझ्या हाताची चव गेल्याली असली तर?" म्हणायची. सासूबाईंचा मात्र ते ताट बघून थरकाप उडायचा. "अमावास्येला असं ताट गेलेल्या माणसाला वाढत्यात, पोरी. माझा ल्योक जिता हाय."

"मग जितं माणूसच बसिवते त्यावर," आक्का म्हणाली आणि मला दंडाला धरून बसवलं.

पहिला घास मी पाण्याबरोबर ढकलला. "सांग गं, त्यास्नी आवडंल का?" दर महिन्याला हाच प्रश्न. भावजींची आवडनिवड मला काय ठाऊक? आवडेल, असं मी म्हणायचे. पण तीन-चार अमावास्यांनंतर माझीच जीभ वाट बघायला लागली. मी पंचांग चाळायला लागले. भावजी सुखरूप यावेत म्हणून देवाला हात जोडताना, ते आले की माझं ताट जाणार, हेही मनात यायचं. त्याची मला फार लाज वाटायची.

लढाई संपली आणि एके दिवशी भावजी दारात उभे राहिले, वाळून काठी झालेले. पुढची अमावास्या चार दिवसांवर होती. आक्कानं इतकं मन लावून परतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोन ताटं वाढली. भावजी बसले, एक घास घेतला आणि हात आखडला.

"हेच खाऊन दिस काढलेत गं तिकडं," ते हळू म्हणाले. "मला भाकरी दे."

माझी नजर आक्काकडं गेली. चार वर्षांची हिची मेहनत. ती आत गेली, भाकरी आणि झुणका आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. भावजी डोळे पुसत जेवले. ते पोटभर जेवतात याची तिनं खात्री करून घेतली.

मग ते दुसरं ताट उचलून तिनं माझ्यापुढं ठेवलं. "बस. चार वर्सं तूच खाल्लीस, तुझंच हाय हे."

मी बसले. आक्कानं स्वतःचं ताट ओढलं, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तुला आवडलं का गं?"

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान डोलावली.